चाच्यांच्या जहाजावरचे चित्रकोडे: घरच्या मुलांसाठी स्वतः कसे तयार करावे

चित्रात लपलेल्या वस्तू शोधण्याचा खेळ मराठी घरांना नवा नाही. मुलांच्या मासिकांत आणि दिवाळी अंकांत अशी कोडी येतात, आणि मुलांच्या हातातला अंक मोठी माणसेही हळूच आपल्याकडे ओढून घेतात. या खेळात चाच्यांचे जहाज हा विषय मुलांना विशेष आवडतो. चित्र काढणाऱ्यालाही तो सोयीचा आहे, कारण दोरखंड, फळ्या, पिंपे, शिडांच्या घड्या आणि लाटा यांच्यामुळे जहाजावर इतक्या रेषा असतात की कोणतीही वस्तू त्यांत मिसळून जाते.

इंटरनेटवर अशी कोडी फुकट मिळतात, तरीही घरी तयार करण्याचा खटाटोप का करावा, असे कोणीही विचारील. तयार कोड्यांची यादी बहुधा इंग्रजीत असते आणि त्यांत बेसबॉलचा हातमोजा, बर्फावरची घसरगाडी, एकोर्न (ओक झाडाचे फळ) अशा वस्तू असतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर किंवा निपाणीच्या मुलाला शोधायला लागण्याआधी ती वस्तू काय असते हे विचारावे लागते, आणि तिथेच खेळाची गंमत निम्मी होते. मोबाइलवरच्या खेळांत मध्येच जाहिराती येतात आणि पुष्कळदा पुढची खूण हवी असल्यास पैसे मागितले जातात. आपल्या ओळखीच्या वस्तूंचे, कागदावरचे, तीन पिढ्यांना एकत्र बसून सोडवता येईल असे कोडे हवे असेल, तर ते आपणच तयार करावे लागते. बेळगाव परिसरात जून ते ऑगस्ट पाऊस लागला की मुले घरात अडकतात, आणि एप्रिल-मेच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची नातवंडे येतात. या दोन्ही वेळी असा कागद हाताशी असलेला बरा. चित्रकला उत्तम येत नसली तरी अडत नाही, कारण छापून घेतलेले जहाज आणि ट्रेसिंग पेपर यांवर बरेच काम निभते.

आधी जमवून ठेवण्याच्या वस्तू

- ए-४ आकाराचे जाड पांढरे कागद, आणि मोठे चित्र करायचे असल्यास ए-३ आकाराचा ड्रॉइंग पेपर
- एचबी आणि २बी पेन्सिल, खोडरबर, पट्टी
- फिकट निळी रंगीत पेन्सिल (कच्च्या रेषांसाठी, या रेषा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये सहसा उमटत नाहीत)
- न फुटणाऱ्या काळ्या शाईची दोन पेने, एक ०.३ मिमीचे आणि एक ०.५ मिमीचे
- ट्रेसिंग पेपर. तो नसल्यास दिवसा खिडकीच्या काचेवर कागद धरूनही गिरवता येते
- घरातल्या खऱ्या वस्तू, समोर ठेवून काढण्यासाठी
- पारदर्शक प्लॅस्टिकची फाईल आणि पांढऱ्या फळ्यावर लिहिण्याचा, पुसता येणारा मार्कर

हे सगळे बेळगावात खडे बाजार, गणपत गल्लीच्या बाजूच्या स्टेशनरीच्या दुकानांत सहज मिळते. तालुक्याच्या ठिकाणी पेने मिळाली नाहीत तर साधे काळे जेल पेन चालते. फक्त शाई पूर्ण वाळेपर्यंत त्यावरून खोडरबर फिरवू नये.

कोडे वाचनालयात, शाळेत किंवा मंडळात वाटायचे असेल तर आणखी दोन गोष्टींची तयारी हवी. संबंधित मुख्याध्यापकांची किंवा ग्रंथपालांची संमती आधी घ्यावी. इंटरनेटवरून घेतलेले चित्र पाया म्हणून वापरणार असाल, तर ते वापरण्याची मुभा आहे की नाही हे त्या चित्रासोबतच्या परवान्यात वाचावे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे चित्रावर हक्क असतो. जहाजांची शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची कोरीव चित्रे विकिमीडिया कॉमन्स या इंटरनेटवरच्या चित्रसंग्रहात पुष्कळ आहेत. जे चित्र हक्कमुक्त असल्याची स्पष्ट नोंद तिथे असेल तेच गिरवावे.

१. कोडे कोणासाठी आहे हे आधी ठरवा

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी सहा-सात वस्तू पुरेत आणि प्रत्येक वस्तू सुमारे २५ मिमी तरी असावी. सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी १० ते १२ वस्तू ठीक होतात. त्याहून मोठ्यांसाठी १५ ते २० पर्यंत जाता येते, पण ए-४ कागदावर १० मिमीपेक्षा लहान वस्तू कधीही काढू नये. घरात आजी-आजोबा खेळणार असतील तर हा नियम अधिकच कसोशीने पाळावा.

नवीन माणूस पहिल्यांदा चुकतो तो इथेच. कोडे अवघड करायचे म्हणजे वस्तू बारीक करायची, असे त्याला वाटते. बारीक वस्तू शोधताना फक्त डोळ्यांना ताण होतो. ती सापडल्यावर आनंद होत नाही. चांगल्या कोड्यात वस्तू पुरेशी मोठी असते, डोळ्यांसमोर असते, आणि तरीही आजूबाजूच्या रेषांमुळे ती ओळखू येत नाही. या लेखातल्या पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

२. जहाज आणि चाचे यांची थोडी खरी माहिती घ्या

बेळगाव जिल्ह्याला समुद्र नाही, पण आंबोली घाटाने वेंगुर्ला, चोर्ला घाटाने गोवा आणि पलीकडे कारवार ही ठिकाणे इथल्या मुलांनी सहलीत पाहिलेली असतात. त्यामुळे नांगर, शीड, वल्हे, सुकाणू, डोलकाठी हे शब्द त्यांना सांगितले की लगेच पटतात.

चाच्यांच्या गोष्टी कॅरिबियन समुद्रातल्या म्हणून प्रसिद्ध असल्या तरी युरोपीय चाचे आपल्या किनाऱ्यापर्यंतही आले होते. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे गंज-इ-सवाई हे जहाज लुटले. ते मक्केच्या यात्रेहून सुरतेकडे परतत होते. विल्यम किड याचे जहाज १६९७ मध्ये कारवारला पाणी आणि लाकूडफाटा घेण्यासाठी थांबले होते. पुढे १७०१ मध्ये त्याला लंडनमध्ये फाशी झाली. कारवार पाहिलेल्या मुलाला एवढे सांगितले तरी चित्राकडे पाहण्याची त्याची नजर बदलते. वाळूत पुरलेला खजिना आणि फुलीची खूण असलेला नकाशा हा मात्र बहुतांशी कथाकारांनी रुजवलेला भाग आहे. चित्रात तो अवश्य घ्यावा; मुलाने विचारले तर खरे काय ते सांगावे.

एका बाबतीत मी आग्रही आहे. कान्होजी आंग्रे यांना इंग्रज आणि पोर्तुगीज चाचा म्हणत, कारण कान्होजींच्या परवान्याशिवाय कोकण किनाऱ्यावरून जाणारी जहाजे ते अडवीत. कान्होजी हे मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. १७२९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, आणि भारतीय नौदलाच्या मुंबईतील एका तळाला आज आयएनएस आंग्रे असे नाव आहे. तेव्हा चाच्यांच्या चित्रात मराठी सरदाराचा पोशाख किंवा मराठा आरमाराची खूण घालू नये. आरमाराचे चित्रकोडे करायचे असल्यास ते वेगळे करावे आणि त्यात पुढे झेपावलेल्या ठेंगण्या नाळेची गुराब आणि वल्ह्यांनी चालणारे गलबत दाखवावे. त्याच कारणाने चाच्यांच्या जहाजावर कवटी आणि हाडांचा काळा झेंडा एवढाच ठेवावा. आपल्या सीमाभागात झेंड्यांच्या रंगांशी लोकांच्या भावना जोडलेल्या आहेत आणि मुलांच्या खेळात कोणाचे मन दुखावण्याचे काही कारण नाही.

३. लपवायच्या वस्तूंची यादी करा

यादी चित्राच्या आधी करावी. आधी चित्र पूर्ण करून मग त्यात वस्तू कोंबायला गेल्यास त्या चिकटवल्यासारख्या दिसतात.

मुलाला नाव सांगताच डोळ्यांपुढे येईल अशीच वस्तू निवडावी. चावी, कंगवा, चमचा, उलथने, लाटणे, छत्री, चष्मा, भोवरा, पतंग, बांगडी, चप्पल, केळे, चकली ही कायमची भरवशाची यादी आहे. तिच्यात आपल्या भागातल्या दोन-तीन वस्तू मिसळल्या की घरातल्या मोठ्यांचाही जीव चित्रात गुंततो. उसाचे कांडे, भाताची लोंबी, मांड्याची घडी, कुंदा या मिठाईची वाटी, गोकाकच्या करदंट या मिठाईची वडी, खानापूरच्या मातीचे मडके अशा वस्तू चाच्यांच्या जहाजावर सापडल्या की मुले खूश होतात.

वस्तू निवडताना तिचा बाह्याकार एवढ्यावरून ती ओळखू येते का हे पाहावे. कंगव्याला दाते, चावीला खाचा, चष्म्याला दोन भिंगे असतात, म्हणून त्या चांगल्या. चेंडू, नाणे, टिकली, दगड या वस्तू टाळाव्यात, कारण गोल आकार चित्रात जागोजागी असतो आणि मुलाने दाखवलेला प्रत्येक गोल बरोबरच वाटू लागतो. करदंटाची वडीही नुसती चौकोनी काढली तर वडी वाटत नाही. तिच्यावर सुक्या मेव्याचे तुकडे दाखवावे लागतात.

चित्रात मुळातच असणाऱ्या गोष्टीही यादीत घेऊ नयेत. समुद्रात दहा मासे काढायचे आणि यादीत ‘मासा’ लिहायचे, हा फार आढळणारा दोष आहे. मासाच लपवायचा असेल तर तो शिडावर किंवा ढगात लपवावा आणि समुद्रात एकही मासा ठेवू नये.

४. कागदाचे भाग पाडा आणि जागा ठरवा

ए-४ कागद आडवा ठेवला की तो २९७ मिमी लांब आणि २१० मिमी रुंद असतो. त्यावर निळ्या पेन्सिलीने चार स्तंभ आणि तीन ओळी आखल्या की प्रत्येकी सुमारे ७४ × ७० मिमीची १२ घरे मिळतात. चारही कडांना १० मिमी जागा मोकळी सोडावी, कारण बहुतेक प्रिंटर आणि झेरॉक्स यंत्रे कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. वस्तूंच्या यादीसाठी एक पट्टी लागेल. ती खाली घ्यायची असल्यास चित्राची उंची तेवढी कमी धरावी, किंवा यादी वेगळ्या कागदावर द्यावी. यादी वेगळी असली की एक जण वाचतो आणि बाकीचे शोधतात, म्हणून घरगुती खेळाला मला तीच पद्धत बरी वाटते.

आता जहाजाचा ढोबळ आकार मांडावा. सांगाडा मधल्या घरांतून जावा, शिडे वरच्या ओळीत पसरावीत, खाली लाटा, एका बाजूला बेट आणि नारळाची झाडे, दुसऱ्या बाजूला डेकवरची पिंपे आणि पेटारा. प्रत्येक घरात साधारण एक वस्तू येईल अशी वाटणी करावी. पण ती इतकी नेमकी करू नये की चाणाक्ष मुलाला ‘या घरातली सापडली, आता पुढचे घर’ असे गणित कळेल. एखाद्या घरात दोन वस्तू ठेवाव्यात आणि एखादे घर रिकामे सोडावे.

पाहणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यांकडे आणि चित्राच्या मध्याकडे जाते. सोपी वस्तू मधोमध ठेवली तर पहिल्याच मिनिटात काहीतरी सापडते आणि लहान मुलाला धीर येतो. अवघड वस्तूंसाठी कोपरे, शिडांच्या वरच्या कडा आणि जहाजाच्या पाण्याला टेकलेल्या भागाजवळची जागा राखून ठेवावी.

५. वस्तू लपवा

खरे काम इथे आहे. पुढच्या पद्धती मला सर्वांत उपयोगी पडल्या आहेत.

*रेषा वाटून घेणे.* वस्तूची एक कड आणि चित्रातली एक रेषा एकच असावी. डोलकाठी उभी असतेच. तिच्या एका भागाला पेरे काढली की तिथे उसाचे कांडे तयार होते. शिडाला पडलेल्या घड्यांत मांड्याची घडी बसते, कारण दोन्हींचे पदर सारखेच एकावर एक येतात. दोरखंडाच्या वेटोळ्यात चकली बसते. चकलीचे काटे मात्र स्पष्ट काढावेत, नाहीतर ते वेटोळेच राहते. पिंपाच्या लोखंडी पट्टीवर बांगडी, डेकच्या फळ्यांच्या समांतर रेषांत कंगवा, तोफेच्या नळीला लागून लाटणे, नारळाच्या झावळीत भाताची लोंबी, चंद्रकोरीच्या जागी केळे, पोपटाच्या शेपटीच्या पिसांत उलथने. अशा जोड्या आधी वहीत लिहून काढाव्यात. प्रत्येक वस्तूला ‘हिच्यासारखे जहाजावर काय आहे’ असे विचारत गेल्यास निम्म्या जोड्या आपोआप सुचतात.

*दिशा फिरवणे.* छत्री आपण नेहमी उभी पाहतो. तीच उलटी करून लाटेत ठेवली तर लाटेचा फेस वाटते. चप्पल आडवी करून होडीच्या बाजूला लावावी. पण तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी वस्तू पूर्ण उलट्या करू नयेत. थोड्या कलत्या ठेवाव्यात.

*प्रमाण मोडणे.* खऱ्या जगात भोवरा लहान आणि नांगर मोठा असतो. चित्रात भोवरा नांगराएवढा करून डोलकाठीच्या टोकाला लावता येतो, म्हणजे तो मोठा ठेवूनही लपतो. ज्यांना बारीक काढण्याचा मोह होतो त्यांनी ही पद्धत विशेष वापरावी.

*मोकळ्या जागेचा उपयोग.* दोन दोरांच्या मधल्या रिकाम्या जागेलाच चावीचा आकार द्यावा. ही सर्वांत अवघड लपवण आहे, म्हणून एका चित्रात अशी एकच ठेवावी.

रंग वापरणार असाल तर मानसशास्त्रातली एक गोष्ट उपयोगाची आहे. अ‍ॅन ट्रिझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मांडणीनुसार, एखादी वस्तू रंगासारख्या एकाच गुणाने भोवतालापेक्षा वेगळी असेल तर ती शोधावी लागत नाही, आपोआप नजरेत भरते. पण तिचा रंग काही शेजाऱ्यांशी आणि आकार दुसऱ्या काही शेजाऱ्यांशी जुळत असेल तर नजरेला एकेक जागा तपासत जावे लागते. म्हणून तपकिरी डेकवर लाल कंगवा काढला तर तो लपलेला नसतोच. कंगवा तपकिरी हवा आणि त्याच्या आसपास तशाच उभ्या रेषा असलेल्या दुसऱ्या गोष्टी हव्यात. लाल आणि हिरव्यातला फरक ज्यांना नीट दिसत नाही अशी मुले असतात आणि मुलींपेक्षा मुलग्यांत त्यांचे प्रमाण अधिक असते, म्हणून केवळ लाल-हिरव्या फरकावर अवलंबून असलेली वस्तू ठेवू नये.

लपवताना काही मर्यादा पाळाव्यात. वस्तूचा निदान तीन चतुर्थांश भाग दिसलाच पाहिजे, आणि जिच्यावरून ती ओळखायची ती खूण, म्हणजे चावीच्या खाचा किंवा कंगव्याचे दाते, झाकू नये. वस्तू गडद सावलीत बुडवू नये. एकच वस्तू दोनदा काढू नये. काढलीच तर यादीत ‘दोन चमचे’ असे लिहावे. सापडल्यावर मुलाने ‘अरे, ही तर समोरच होती’ असे म्हटले पाहिजे. ‘ही चावी आहे होय?’ असे त्याला विचारावे लागले तर दोष चित्राचा आहे.

६. शाईने पक्के करा

पेन्सिलीचे चित्र पूर्ण झाल्यावर, वस्तू वगळून, नुसत्या जहाजाची एक प्रत ट्रेसिंग पेपरवर काढून ठेवावी. तिचा उपयोग पुढे येईल.

जहाज आणि लपवलेल्या वस्तू एकाच जाडीच्या पेनाने गिरवाव्यात. बरेच जण जहाज ०.५ ने काढतात आणि वस्तू मागाहून ०.३ ने घालतात. मग सगळ्या बारीक रेषा म्हणजे उत्तरे, हे मुलांना पाच मिनिटांत कळते. ०.३ चे पेन लाकडाचे रेषाकाम, शिडाच्या शिवणी आणि वस्तूंच्या आतल्या खुणा यांसाठी ठेवावे. वस्तूभोवती रेषा दाट आणि बाकी चित्र मोकळे असेल तरीही उत्तर उघडे पडते, म्हणून जिथे काहीच लपवलेले नाही तिथेही तेवढेच रेषाकाम करावे.

७. यादी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत द्या

आपल्या भागात गल्लीत खेळणारी मुले मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू अशा वेगवेगळ्या घरांतली असतात, आणि मराठी घरातली पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यामुळे मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो. यादीतील मराठी नावे मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहावीत आणि शेजारी कन्नड लिपीत कन्नड नाव द्यावे. पोपटाला गिळी, दोरीला हग्ग, मासोळीला मीनु अशी नावे मुलांना गल्लीतच ऐकून माहीत असतात, पण लेखन मात्र कन्नड उत्तम जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून किंवा शिक्षकांकडून तपासून घ्यावे. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी नावापुढे वस्तूचे छोटे चित्र काढावे. हे चित्र लपवलेल्या चित्राची हुबेहूब नक्कल नसावे. त्याची दिशा तरी वेगळी ठेवावी.

८. दुसऱ्याकडून सोडवून घ्या

ज्याने वस्तू लपवल्या त्याला त्या सतत दिसत राहतात, म्हणून कोडे सोपे की अवघड हे त्याला सांगता येत नाही. छापण्याआधी ते दोघांना द्यावे: एक ठरवलेल्या वयाचे मूल आणि एक साठीच्या पुढची व्यक्ती. दोघेही चित्र प्रथमच पाहत असावेत. कोणती वस्तू लगेच सापडली, कोणती शेवटपर्यंत सापडली नाही, आणि कोणती दाखवल्यावरही पटली नाही, याची गुपचूप नोंद करावी. लगेच सापडलेल्या एक-दोन वस्तू तशाच राहू द्याव्यात. न सापडलेल्या वस्तूची कड थोडी ठळक करावी किंवा तिच्या शेजारच्या दोन-चार रेषा कमी कराव्यात. न पटलेली वस्तू काढून टाकून दुसरी घालावी. तिच्याबद्दल वाद घालत बसू नये.

मुले कधी कधी आपण न लपवलेली वस्तूही दाखवतात. ढगात ससा दिसला किंवा लाटेत कढई दिसली आणि ती खरेच तशी दिसत असेल, तर ती यादीत घालावी.

९. प्रती काढा

झेरॉक्सच्या दुकानात जाताना मूळ चित्र घडी न घालता, पुठ्ठ्यावर ठेवून न्यावे. ए-३ वरून ए-४ करायचे असल्यास प्रमाण ७१ टक्के आणि ए-४ वरून ए-३ करायचे असल्यास १४१ टक्के सांगावे. लहान करताना मूळची १४ मिमीची वस्तू सुमारे १० मिमी होते आणि ०.३ मिमीची रेष ०.२ च्या आसपास येते, म्हणून ए-३ वर काढतानाच वस्तू १४ मिमीपेक्षा लहान ठेवू नये. आधी एकच प्रत काढून घरच्या उजेडात पाहावी आणि मगच बाकीच्या सांगाव्यात. पेन्सिलीची छटा झेरॉक्समध्ये डागाळते. छटा हवीच असेल तर ती शाईच्या बारीक रेषांनी द्यावी. रंगीत चित्राची काळी-पांढरी प्रत काढल्यास फिकट पिवळा रंग उडतो आणि लाल काळपट होतो, त्यामुळे आधी जमलेली लपवण बिघडू शकते.

स्कॅन करायचे असल्यास ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवावे. ए-४ चे चित्र त्यात २४८० × ३५०८ पिक्सेलचे होते. परगावच्या नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर आकार कमी होऊन बारीक रेषा पुसट होतात.

लॅमिनेशन केल्यास चित्र टिकते, पण चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइटचा उजेड पडून चित्राचा एक भाग दिसेनासा होतो. त्यापेक्षा पारदर्शक फाईलमध्ये प्रत घालून वरून मार्करने खुणा कराव्यात. कापडाने पुसले की पुढच्याला तेच चित्र कोरे मिळते.

१०. खेळायला बसवा

एका ए-३ चित्राभोवती चौघांपेक्षा जास्त जण बसवू नयेत. डोकी एकमेकांना लागतात आणि मागच्याला चित्र दिसत नाही. यादी आजी किंवा आजोबांच्या हातात द्यावी. एका चपळ मुलाने सगळे शोधून टाकू नये म्हणून ज्याला वस्तू सापडली त्याने पुढच्या वस्तूला गप्प राहायचे, असा नियम ठेवावा. लहान मुलांसाठी घड्याळ लावू नये. मोठ्या मुलांना स्पर्धा हवीच असते. त्यांना वेळ लावावी, पण दोघादोघांच्या जोड्या करून.

मूल अडले की बोटाने दाखवून देऊ नये. आधी भाग सांगावा, ‘शिडांच्या बाजूला बघ बाळा’. तरीही सापडले नाही तर शेजारची गोष्ट सांगावी, ‘पोपट कुठे बसलाय, त्याच्या आसपास’. त्यानंतर आकाराची खूण द्यावी. बहुतेक मुलांना दुसऱ्या खुणेतच वस्तू सापडते आणि ती आपणच शोधली असे त्यांना वाटते, जे खरेही असते.

उत्तरपत्रिका म्हणून चित्राच्या एका प्रतीवर वस्तूंभोवती लाल वर्तुळे काढावीत, मागे तारीख आणि वयोगट लिहावा आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. मुले तेच चित्र पाठ करतात तेव्हा सहाव्या पायरीत राखून ठेवलेली नुसत्या जहाजाची प्रत बाहेर काढावी, तिच्यात नव्या बारा वस्तू नव्या जागी घालाव्यात, आणि या वेळी निम्म्या वस्तू मुलांनाच सुचवू आणि काढू द्याव्यात.